किट विमानाचे धड बांधताना: क्लेकोपासून शेवटच्या रिव्हेटपर्यंत

अ‍ॅल्युमिनियमच्या किट विमानाचे, म्हणजे सुटे भाग मागवून घरी बांधायच्या विमानाचे, धड सरळ होणार की पिळलेले, हे रिव्हेट मारताना ठरत नाही. पत्रे, बल्कहेड आणि लाँजरॉन नुसत्या क्लेकोवर उभे असतात आणि सगळे पुन्हा सुटे करता येते, तेव्हाच ते ठरून जाते. रिव्हेट फक्त ते कायमचे पक्के करतो. म्हणून इथे रिव्हेटगनपेक्षा मोजमापावर, भोकांवर आणि उन्हावर जास्त लिहिले आहे. ऊन यासाठी की या कामाची बहुतेक माहिती थंड देशांत लिहिलेली आहे आणि तिथले गॅरेज म्हणजे परभणीतली मे महिन्यातली पत्र्याची शेड नव्हे.

आधी शब्द पाहून घेऊ. बल्कहेड म्हणजे धडाला आडवा आकार देणाऱ्या चौकटी. लाँजरॉन म्हणजे धडाच्या लांबीभर जाणारे अँगल. त्यांवर चढतो तो बाहेरचा पत्रा म्हणजे स्किन. पुढे इंजिनाच्या मागची भिंत ती फायरवॉल, मागे शेपटीकडचा निमुळता भाग तो टेलकोन. क्लेको ही स्प्रिंगची पिन असते. ती भोकात घालून सोडली की दोन पत्रे घट्ट धरून ठेवते आणि खास पकडीने दाबली की सुटते.

किट दोन घराण्यांत मोडतात. व्हॅन्स या कंपनीच्या आरव्ही मालिकेतल्या बहुतेक विमानांत २०२४-टी३ या मिश्रधातूचा पत्रा आणि ठोकायचे भरीव रिव्हेट असतात. झेनिथ या कंपनीच्या सीएच ७०१ किंवा ७५० मध्ये मुख्यतः ६०६१-टी६ या मिश्रधातूचा पत्रा आणि ओढायचे, म्हणजे पॉप प्रकारचे रिव्हेट असतात. भरीव रिव्हेटला दोन माणसे, कॉम्प्रेसर आणि हात बसायला वेळ लागतो. ओढायच्या रिव्हेटला एकटा माणूस पुरतो. पहिलेच विमान असेल आणि जोडीदार रोज मिळणार नसेल, तर ओढायच्या रिव्हेटचा किट घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

कागद आणि जागा

घरी बांधलेले विमानही नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी मिळाल्याशिवाय उडवता येत नाही, आणि ती देते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या अमोल यादव यांच्या विमानाची नोंदणी कित्येक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१७ मध्ये झाली. तेव्हा किटची पेटी, म्हणजे क्रेट, मागवण्याआधीच महासंचालनालयाशी पत्रव्यवहार सुरू करा. कोणत्या टप्प्यावर कोण तपासणी करणार हे लेखी घ्या आणि पहिल्या दिवसापासून तारीख, भाग क्रमांक, फोटो अशी कामाची वही ठेवा. बंद झालेल्या टेलकोनच्या आत काय आहे हे नंतर फक्त फोटोच सांगू शकतो.

दोन आसनी विमानाचे धड साधारण ६ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद असते. दोन्ही बाजूंनी वाकून काम करायला मीटरभर मोकळी जागा धरली, तर ८ बाय ४ मीटरचा गाळा लागतो. दरवाजाची रुंदी लँडिंग गिअर बसवल्यावरच्या रुंदीशी ताडून पाहा.

वाळूज, चिकलठाणा, नांदेड किंवा लातूरच्या एमआयडीसीत गाळा भाड्याने घेत असाल, तर शेजारी काय चालते ते आधी बघा. फॅब्रिकेशनवाल्याच्या ग्राइंडरचा लोखंडी कीस हवेतून येऊन पत्र्यावर बसतो. उन्हाळ्यात काही दिसत नाही. पावसाळ्यात त्या कणांना गंज चढतो, डाग पडतात आणि खाली अ‍ॅल्युमिनियममध्ये बारीक खड्डे सुरू होतात. त्याच कारणाने लोखंडावर वापरलेली कानस, तारेचा ब्रश आणि स्टील वूल अ‍ॅल्युमिनियमला अजिबात लावू नये. कानशींचा वेगळा संच ठेवा आणि मुठींना रंग द्या, म्हणजे मदतीला आलेल्या माणसाचीही चूक होत नाही.

टेबल दोन करा. ०.६ बाय १.५ मीटर, उंची कंबरेइतकी, वर १८ मिमी प्लायवूड. दोन्ही जोडून लांब पत्रा ठेवता येतो, अलग केले की दोन माणसे दोन कामे करतात. वरचा भाग सपाट आहे का हे दोरा कर्णात ताणून तपासा. पाय लोखंडी असतील तर चालतील, पण त्यांवर वेल्डिंगचे तुषार राहू देऊ नका.

क्रेट उघडल्यावर

पहिले काम मोजणीचे. प्रत्येक भाग यादीशी ताडायचा, रिव्हेटच्या पिशव्या वजनावर मोजायच्या आणि कमी-जास्त असेल ते किटवाल्यांनी दिलेल्या मुदतीत कळवायचे. मुदत गेली की तोच तुकडा स्वतःच्या खर्चाने, विमानभाडे आणि कस्टमसह मागवावा लागतो.

पत्र्यांवर निळी प्लास्टिकची फिल्म असते. ती ओरखडे वाचवते म्हणून काम येईपर्यंत तशीच ठेवायचा मोह होतो. आपल्याकडे ते करू नये. उष्णतेने तिचा डिंक पत्र्यावर भाजल्यासारखा चिकटतो, आणि पावसाळ्यात कडेने शिरलेले पाणी फिल्मखाली अडकून राहते. दोनतीन महिन्यांत वापरायचे नसतील ते पत्रे फिल्म काढून, मध्ये कोरडा साधा कागद घालून उभे ठेवा.

पत्र्यावर खूण करायला शिसपेन्सिल वापरायची नाही. तिच्यातले ग्रॅफाइट ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमला खाते आणि रेघेच्या जागी कुरतडल्यासारखी चर पडते. बारीक टोकाचा मार्कर घ्या. टोकदार सळईने रेघ तर मुळीच मारू नका, कारण तडा तिथूनच सुरू होतो.

भोके आणि बर

३/३२ इंचाच्या रिव्हेटला ४० नंबरचा ड्रिल लागतो, तो २.४९ मिमी. १/८ इंचाच्या, म्हणजे एका सुताच्या रिव्हेटला ३० नंबरचा, ३.२६ मिमी. ५/३२ च्या ओढायच्या रिव्हेटला २० नंबरचा, ४.०९ मिमी. मोंढ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिलिमीटरचेच बिट मिळतात. २.५ चा बिट ४० नंबरच्या जागी चालून जातो, पण ३.२ चा एका सुताच्या रिव्हेटला घट्ट पडतो आणि ३.३ चा किंचित सैल. नंबरचे बिट डझनाने मागवून ठेवा आणि बोथट झाला की फेका. बोथट बिट भोक कापत नाही, ते रेटून फाडतो.

क्लेकोही मापाप्रमाणे रंगाचे येतात: ३/३२ चे चंदेरी, १/८ चे तांबडे, ५/३२ चे काळे. आरव्हीसारख्या धडाला चंदेरी ४०० ते ५०० आणि तांबडे दीडशे-दोनशे लागतात. झेनिथमध्ये चंदेरी जवळपास लागतच नाहीत. क्लेकोंवर काटकसर करू नका. सुरुवातीला दर दुसऱ्या-तिसऱ्या भोकात आणि ड्रिल मारण्याआधी जवळजवळ प्रत्येक भोकात क्लेको हवा.

ड्रिल पत्र्याला काटकोनात धरायचा, फेरे जास्त, दाब कमी. तिरके भोक लंबगोल होते आणि त्यात रिव्हेट एका बाजूला झुकतो. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर राहिलेच पाहिजे: १/८ ला ६.४ मिमी, ३/३२ ला ४.८ मिमी. लाँजरॉनच्या अरुंद बाजूवर हे अंतर सगळ्यात आधी हातचे जाते, कारण वरून पत्रा झाकलेला असतो. अँगलवर मार्करने मध्यरेघ आखून ठेवा आणि ती पत्र्याच्या आधीच पाडलेल्या भोकांतून दिसते का ते बघा. रेघ प्रत्येक भोकात दिसली तरच ड्रिल चालवा.

सगळी भोके पाडून झाली की सगळे सुटे करायचे. हा टप्पा टाळून थेट रिव्हेट मारायची इच्छा होते, पण दोन पत्र्यांमध्ये अडकलेला कीस त्यांना एकत्र बसू देत नाही. रिव्हेट ठोकला की त्याचा दांडा त्या फटीत फुगतो आणि जोड कायमचा सैल राहतो. सुटे केल्यावर प्रत्येक भोकाचा बर, म्हणजे कडेला उठलेली धारदार कोर, दोन्ही बाजूंनी काढा. मोठा ड्रिल किंवा डीबरिंगचे टोक हाताने एक-दोन हलके फेरे, बस. जास्त फिरवले तर भोकाला उतार पडतो आणि पातळ पत्र्यात भोकाची कडच धारेसारखी पातळ होते.

पत्र्यांच्या कडा स्कॉचब्राइट चाकाने इतक्या गुळगुळीत करा की नख अडकू नये. डिंपल पाडायचे असतील, म्हणजे चपट्या डोक्याच्या रिव्हेटसाठी भोकाभोवती पत्रा दाबून खळगा करायचा असेल, तर हे दुप्पट महत्त्वाचे. खडबडीत कडेचे भोक डिंपल करताना ताणले जाते आणि त्यातून केसासारखा तडा बाहेर निघतो. दहापट भिंगाने निदान प्रत्येक पत्र्यावरची पाच-दहा भोके बघा आणि एकात तडा सापडला तर मग सगळी. ३/३२ च्या रिव्हेटसाठी ०.८ मिमीपर्यंतच्या पत्र्याला डिंपल आणि १ मिमी किंवा जास्त जाडीला काउंटरसिंक, म्हणजे भोकाचे तोंड उताराने कोरणे, हा ढोबळ नियम. किटच्या नकाशात वेगळे सांगितले असेल तर नकाशा खरा.

बल्कहेड सरळ करणे

बल्कहेडची वळवलेली कड साच्यात दाबून केलेली असते. वक्र कडेला जास्तीचा धातू जमा होतो आणि त्या ताणाने सबंध तुकडा वाटीसारखा किंचित खोलगट होतो. टेबलावर ठेवून मधोमध बोट दाबले तर टोके उचललेली दिसतात. असाच क्लेकोवर चढवला तर भोके जुळत नाहीत, आणि जोर लावून जुळवली तर बाहेरचा पत्रा प्रत्येक बल्कहेडपाशी लाटेसारखा दिसतो.

उपाय फ्लूटिंगच्या पकडीचा. दोन भोकांच्या बरोबर मध्ये, कडेवर, हलका चिमटा घ्यायचा, म्हणजे बारीक घडी पडते आणि कड आखडते. एका जागी जोरात न घेता सगळ्या भोकांच्या मध्ये थोडा थोडा, पुन्हा टेबलावर ठेवून बघायचे, पुन्हा थोडा. घडी रिव्हेटच्या जागेवर येऊ देऊ नका आणि तिचा फुगवटा बाहेरच्या पत्र्याच्या उलट बाजूला गेला पाहिजे. जास्त झाली तर सपाट तोंडाच्या पकडीने परत उघडता येते. भोकांची रांग सरळ झाली का हे पोलादी पट्टी लावून तपासा.

त्यानंतर कडेचा कोन. साच्यातून आलेली कड बहुधा ९० ऐवजी ९२-९३ अंशांवर उघडी असते. गुण्या लावून बघा आणि लाकडी ठोकळ्याच्या आधाराने हाताने दाबून काटकोनात आणा. हातोडी नको. २०२४-टी३ चा पत्रा नव्याने वाकवायची वेळ आली तर वाकाची त्रिज्या जाडीच्या किमान तीन-चार पट ठेवा, नाहीतर वाकाच्या बाहेरच्या अंगाला तडे जातात. लाँजरॉनचा अँगल वाकवतानाही व्हाइसमध्ये धरून, दर दोन-तीन सेंटिमीटरवर हलका ठोका देत पुढे सरकायचे आणि नकाशावर आखलेल्या वक्रावर ठेवून बघत राहायचे. वाकवताना अँगल पिळतोही, तेव्हा दोन्ही बाजू तपासा.

क्लेकोवर उभारणी आणि ऊन

क्रम किटनुसार बदलतो, पण धाटणी तीच: फायरवॉल आणि पंख जोडायचा मुख्य बल्कहेड आधी, मग तळाचा पत्रा, मग लाँजरॉन आणि बाजूचे पत्रे, शेवटी टेलकोन जोडणे. वरचा पत्रा अगदी शेवटी.

अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला ०.०२३ मिमी वाढते. टेलकोनचा ३ मीटरचा पत्रा शेजारच्यापेक्षा १५ अंशांनी जास्त तापला तर तो एक मिलिमीटर लांब होतो. रिव्हेट आणि भोक यांच्यातला मोकळेपणा ०.१ मिमी असतो. धड सगळीकडून सारखे तापले तर बिघडत काही नाही, सगळे मिळून वाढते. बिघडते ते दुपारी पश्चिमेच्या दरवाजातून ऊन एकाच बाजूवर पडले की. त्या बाजूचा पत्रा लांब होतो, धड केळीसारखे दुसऱ्या बाजूला झुकते आणि तशाच अवस्थेत शेवटची भोके पाडली तर तो झोक कायम राहतो. रात्री थंड झाल्यावर पत्रे ताणले जातात आणि कुठेतरी पोट धरतात. असा पत्रा हाताने दाबला की टक्‌ असा आवाज करून आत-बाहेर होतो.

म्हणून मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत शेवटची भोके, मोजमाप आणि लांब ओळींचे रिव्हेट ही कामे सकाळी सहा ते दहाच्या दरम्यान करा. बर काढणे, यादी, छोटे भाग, प्रायमरच्या आधीची धुलाई ही दुपारची कामे. शेडच्या पत्र्याखाली फॉल्स सीलिंग किंवा निदान थर्माकोलचे थर द्या आणि पश्चिमेची उघडी बाजू जाड पडद्याने झाका. कूलर लावत असाल तर त्याचा झोत धडावर येऊ देऊ नका. तो एक बाजू थंड करतो आणि दमट हवा आत कोंडतो.

तापमान मोजायला इन्फ्रारेडची पिस्तुलासारखी गन घेतली तर एक लक्षात ठेवा: चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती खोटे आकडे दाखवते, कारण तो पत्रा समोरच्या भिंतीची उष्णता परावर्तित करतो. दोन्ही बाजूंना मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर नेम धरून वाचा. दोन बाजूंत ३ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर थांबा.

आता पीळ तपासायचा. सगळे क्लेकोवर उभे आहे, घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या स्टँडवर, ठेवले आहे. तीन जागी मोजा: फायरवॉल, पंखांचा बल्कहेड, आणि शेपटीचा शेवटचा बल्कहेड. प्रत्येक जागी डाव्या-उजव्या लाँजरॉनवर आडवी सरळ पट्टी ठेवून डिजिटल लेव्हल लावा. ६०० मिमी रुंदीवर १ मिमीचा फरक म्हणजे जवळपास ०.१ अंश, म्हणजे साध्या डिजिटल लेव्हलची शेवटची पायरी. त्याहून बारीक पाहायचे तर गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी उत्तम. पाण्यात थोडी शाई टाका, बुडबुडे एकही नको, दोन्ही टोके लाँजरॉनपाशी धरून पाणी पूर्ण थांबू द्या आणि पाण्याच्या वक्राचा तळ वाचा. नळीची एक बाजू उन्हात आणि एक सावलीत असेल तर मात्र माप चुकते. ३० आणि ४५ अंशांच्या पाण्याच्या घनतेतला फरक इतका असतो, की मीटरभर उभ्या नळीत पातळी ५ मिमीपर्यंत वेगळी दाखवते. नळी घरात, सावलीत, पंखा बंद करून.

सरळपणा ओळंब्याने बघा. जमिनीवर खडूचा दोरा मारून मध्यरेघ काढा आणि प्रत्येक बल्कहेडच्या मध्यखुणेवरून ओळंबा सोडा. सगळी टोके रेघेवर आली पाहिजेत. मग कर्ण: शेपटीच्या मध्यबिंदूपासून पंखांच्या डाव्या आणि उजव्या मुख्य बोल्टच्या भोकापर्यंत दोन्ही अंतरे पोलादी टेपने, एकाच ताणाने, दोन माणसांनी मोजायची. किती फरक चालेल ते नकाशात असते.

पीळ निघाला तर काय करायचे? क्लेको अर्ध्या धडावरचे काढा, घोड्यांखाली पाचर देऊन पातळी आणा आणि मागून पुढे पुन्हा क्लेको लावत या. बहुधा एखादा बल्कहेड कडेच्या कोनात चुकलेला सापडतो. हे दोन दिवसांचे काम आहे आणि ते करावे. पिळलेल्या धडावर शेपटीचा आडवा पंख मुख्य पंखांना समांतर बसत नाही, विमान हवेत सतत एका बाजूला लवते आणि ते ट्रिमच्या पट्टीने आयुष्यभर दाबून धरावे लागते.

प्रायमर

क्लॅड पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. तो घासून काढला तर आतला २०२४ उघडा पडतो आणि तो गंजाला कच्चा. म्हणून घासणे हलके. ६०६१ मुळातच बरा टिकतो. ज्या जागी दोन पत्रे एकमेकांना टेकतात, आणि जिथे पोलाद अ‍ॅल्युमिनियमला लागते, तिथे प्रायमर द्याच. बाकी सबंध आतून रंगवणे हा वजनाचा प्रश्न आहे, दोन-तीन किलो सहज वाढतात.

दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर आपल्या उन्हाळ्यात डब्यातच घट्ट होऊ लागतो. तापमान १० अंशांनी वाढले की वापरण्याची मुदत ढोबळमानाने निम्मी होते. थोडा थोडा कालवा, पहाटे फवारा. पावसाळ्यात दमट दिवशी पृष्ठभाग पांढुरका आणि चिकट राहतो, तो दिवस सोडा. क्रोमेट असलेला प्रायमर विषारी आहे: वाफ अडवणाऱ्या काडतुसांचा मास्क हवा, धुळीचा कापडी मास्क उपयोगाचा नाही.

रिव्हेट

पिशवीवर एएन४७०एडी४-५ असे लिहिलेले असते. एएन हे विमानाच्या भागांचे मानक. ४७० म्हणजे बाहेर राहणारे गोल डोके, ४२६ असेल तर १०० अंशांचे चपटे. एडी म्हणजे २११७ धातू. अशा रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगी असते, तीच त्याची ओळख. ४ म्हणजे व्यास ४/३२ इंच, ५ म्हणजे लांबी ५/१६ इंच. डोक्यावर खूण नसलेला मऊ रिव्हेट आणि हार्डवेअरच्या दुकानातला पॉप रिव्हेट, दोन्ही धडात वर्ज्य.

ठोकण्याआधी पत्र्याबाहेर व्यासाच्या दीडपट दांडा दिसला पाहिजे. ठोकून झालेले डोके व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच: १/८ ला ४.८ रुंद, १.६ उंच, ३/३२ ला ३.६ आणि १.२ मिमी. पोलादी पट्टीत याच मापाची भोके पाडून गेज करा आणि प्रत्येक ओळीत चार-पाच रिव्हेट मोजा.

३एक्स मापाच्या रिव्हेटगनला ३/३२ साठी सुमारे ३०, १/८ साठी सुमारे ४० पीएसआयपासून सुरुवात करून भंगार तुकड्यावर जमवा. ठोके कमी आणि जोरकस हवेत. हळूहळू खूप ठोके दिले की रिव्हेट कडक होतो, पूर्ण बसत नाही आणि पत्रा ताणला जाऊन फुगतो. ओळ मधून कडेकडे न्या. एका टोकाकडून सरळ मारत गेलात तर ताण पुढे ढकलला जातो आणि शेवटी पोट येते. डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण म्हणजे गन घसरली. डोके तिरके म्हणजे बकिंग बार, म्हणजे मागून दांड्याला टेकवलेला धातूचा ठोकळा, तिरका. बार जड हवा, किलोभराचा टंगस्टनचा असेल तर अरुंद जागेतही काम सोपे होते.

वीज जाणार असेल तर लांब ओळ सुरू करू नका. टाकीचा दाब उतरत जातो तसे शेवटचे रिव्हेट अर्धवट बसतात. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज सोडा.

बिघडलेला रिव्हेट काढताना डोक्याच्या मध्यावर, डोक्याच्या जाडीइतकेच ड्रिल करा, पंचने डोके मोडा आणि मागे आधार देऊन दांडा बाहेर ढकला. भोक मोठे झाले तर जाड दांडा आणि लहान डोक्याचे एनएएस१०९७ रिव्हेट कामी येतात. किंचित झुकलेला पण घट्ट रिव्हेट राहू द्यावा. तो तीनदा काढून भोकाचे जे नुकसान होते ते मूळ दोषापेक्षा मोठे असते.

ओढायच्या रिव्हेटमध्ये नोझल पत्र्याला काटकोनात टेकवून मगच ओढा. झेनिथच्या किटमध्ये चपट्या डोक्याचे रिव्हेट खोलगट नोझलने ओढतात, त्यामुळे डोके घुमटासारखे होते. नोझल चुकीचे लावले तर डोक्याची कड उचललेली राहते.

फायरवॉल, बोल्ट आणि टेलकोन बंद करणे

फायरवॉलचे काम आग काही मिनिटे अडवायचे. प्रमाणित लहान विमानांच्या नियमांत त्यासाठी ०.३८ मिमीचा स्टेनलेस पत्रा पुरेसा धरला आहे. कमकुवत जागा असतात त्या वायर आणि पाइप आरपार जाणाऱ्या भोकांच्या. नुसते रबरी ग्रोमेट क्षणात जळते. पोलादी बुश आणि अग्निरोधक सीलंट हवेच, आणि जोडांच्या फटींतही तेच सीलंट भरा.

बोल्ट एएन मापाचेच, कॅडमियम मुलाम्याचे. आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, एएन३ ला २.३ ते २.८ न्यूटन-मीटर, एएन४ ला ५.६ ते ७.९, आटे कोरडे, आणि त्यात नट नुसता फिरवायला लागणारा जोर वेगळा मिळवायचा. मोटारीच्या गॅरेजमधला टॉर्क पाना इतके कमी माप नीट दाखवत नाही, छोटा पाना घ्या. नटाबाहेर एक-दोन आटे दिसले पाहिजेत. नायलॉनचा लॉकनट बोटांनी फिरू लागला की फेकून द्या, आणि इंजिनच्या बाजूला तो वापरूच नका, कारण १२० अंशांच्या आसपास नायलॉनचा भरवसा संपतो. तिथे पूर्ण धातूचा.

टेलकोनचा वरचा पत्रा चढवण्याआधी रडरच्या (शेपटीच्या उभ्या सुकाणूच्या) केबली आणि एलिव्हेटरचे (आडव्या सुकाणूचे) दांडे पूर्ण हालचालीत फिरवून बघा. केबल कुठे बल्कहेडच्या कडेला घासते का, स्टॅटिकची नळी (बाहेरच्या हवेचा दाब मापकांपर्यंत नेणारी) बसली का, अँटेनाखालचे जाड पत्रे आणि वायरीचे पाइप आले का, हेही बघून घ्या. व्हॅक्यूम क्लीनरने सगळा कीस काढा, धड हलवून कान द्या, खडखड ऐकू आली तर सापडेपर्यंत शोधा. सुटा नट कंट्रोलच्या जोडात अडकू शकतो. तपासणी या टप्प्यावर करून घ्या आणि फोटो काढा.

वरच्या ओळी मारताना एकाला आत आडवे पडून बार धरावा लागतो. बल्कहेडांवर फळ्या टाका म्हणजे तळाचा पत्रा दबत नाही. आत मोठा दिवा नको, एलईडीची पट्टी पुरे, आणि पायाकडून पंख्याची हवा सोडा. गनच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून खुणा आधी ठरवा: आतून एक टकटक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे झाले, तीन म्हणजे बिघडला, थांब. दोघांच्याही कानात बोळे असावेत. मे महिन्यात आतला माणूस दर पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर आलाच पाहिजे.

धड धावपट्टीपर्यंत न्यायला २० फुटी आयशर टेम्पो लागतो. आधार नेहमी बल्कहेडच्या रेषेत, गादीच्या पाळण्यावर. पट्टे फक्त पत्र्यावरून आवळले तर दोन बल्कहेडांच्या मध्ये खड्डा पडतो. ताडपत्री थेट टाकू नका. वाऱ्याने ती फडफडते आणि रस्त्याची धूळ मध्ये येऊन पत्रा घासला जातो. आधी मऊ सुती चादरी, त्यांवर ताडपत्री, आणि तिची प्रत्येक कड बांधलेली.